ॲडॉप्टरच्या पाठीवरचा रोमन आकडा

घरातल्या विजेवर चालणाऱ्या वस्तू मोजायला सांगितल्या तर आपण पंखा, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, इस्त्री अशी बोटं मोडत जातो. ॲडॉप्टर कुणी मोजत नाही. लालबाग-परळच्या एखाद्या साध्या खोलीत आज वायफायचा राउटर, सेट-टॉप बॉक्स, तीन-चार फोन, मुलीचा लॅपटॉप, इअरबड्स, आजोबांचं रक्तदाब मोजायचं यंत्र, ट्रिमर आणि देवघरावरची दिव्यांची माळ एवढं सगळं नांदतं. यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मागे एक काळा किंवा पांढरा ठोकळा आहे. तो कोणत्या प्रतीचा आहे, बंद असताना किती वीज खातो, त्याला हात लावणं सुरक्षित आहे का, हे त्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. ही अक्षरं वाचता यावीत आणि त्यातलं कुठलं किती मनावर घ्यायचं ते कळावं, यासाठी हा लेख.

मुंबई शहराला वीज देणाऱ्या बेस्टच्या तारेतून घरात येते ती २३० व्होल्टची वीज. तिची दिशा सतत बदलत असते, सेकंदाला ५० फेरे. फोनला किंवा राउटरला हवी असते पाच, नऊ किंवा बारा व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज. ॲडॉप्टर हे रूपांतर करतो आणि ते करताना काही वीज उष्णतेत घालवतो. रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या काळात ज्याला आपण ‘एलिमिनेटर’ म्हणत होतो, त्याच्या पोटात लोखंडी पट्ट्या आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी असायची. म्हणूनच तो जड असे आणि पुढे काहीही जोडलेलं नसलं तरी कोमट राही. आतली निम्मी वीज वाया जाणं त्या जातीत नवलाचं नव्हतं. आजचे ॲडॉप्टर ‘एसएमपीएस’ जातीचे असतात. ते आलेल्या विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करून, छोट्याशा फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून तिचं रूपांतर करतात. मागणी नसली की त्यांचं काम आपोआप जवळजवळ थांबतं. गेल्या काही वर्षांत आलेल्या ‘गॅन’ चार्जरमध्ये सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड वापरतात. त्यामुळे ते आणखी लहान झाले आणि कमी तापू लागले.

म्हणजे दोन प्रकारची गळती लक्षात ठेवायची. पहिली, पुढे काहीच जोडलेलं नसताना सॉकेटमध्ये नुसत्या लटकलेल्या ॲडॉप्टरची. दुसरी, काम चालू असताना रूपांतरात होणारी. जगभरचे सगळे नियम या दोन गळत्यांभोवती बांधलेले आहेत.

एक वॉटपासून सुरू झालेली गोष्ट

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली नॅशनल लॅबोरेटरीत ॲलन मायर हे संशोधक घरोघरच्या ‘बंद’ उपकरणांची वीज मोजत होते. बंद उपकरणाने एक वॉटपेक्षा जास्त वीज खाऊ नये, असा प्रस्ताव त्यांनी १९९८मध्ये मांडला आणि पुढच्याच वर्षी इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीने तो उचलून धरला. एक वॉट म्हणजे किती? अखंड वर्षभर चालला तर पावणेनऊ युनिटं. एका घरात ही रक्कम किरकोळ वाटते, पण कोट्यवधी घरांत अशी दहा-दहा उपकरणं असतील तर तेवढ्यासाठी वीजकेंद्रं रात्रंदिवस चालवावी लागतात.

मग ॲडॉप्टरकडे लक्ष गेलं, कारण ही एकच वस्तू शेकडो उपकरणांच्या मागे असते. अमेरिकेच्या ‘एनर्जी स्टार’ योजनेत बाहेरचे पॉवर सप्लाय २००५मध्ये आले. ही योजना ऐच्छिक होती. सक्ती पहिल्यांदा कॅलिफोर्नियाने केली. त्याच सुमारास वेगवेगळ्या देशांच्या नियमकर्त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रत्येक देशाचा वेगळा शिक्का छापण्याऐवजी ॲडॉप्टरवर एकच रोमन आकडा छापायचं त्यांनी ठरवलं. आकडा जेवढा मोठा, तेवढी अट कडक.

रोमन चार म्हणजे पुढे काही जोडलेलं नसताना अर्ध्या वॉटपेक्षा जास्त वीज खायची नाही. अमेरिकेत १ जुलै २००८पासून ही किमान अट झाली. रोमन पाचने फोन-राउटरसारख्या लहान ॲडॉप्टरसाठी ही मर्यादा ०.३ वॉटवर आणली आणि युरोपने एप्रिल २०११पासून ती लागू केली. रोमन सहाने ती ०.१ वॉटपर्यंत खाली ओढली. अमेरिकेत १० फेब्रुवारी २०१६पासून आणि युरोपात जवळपास त्याच पातळीची अट १ एप्रिल २०२०पासून सक्तीची आहे. लॅपटॉपच्या मोठ्या ॲडॉप्टरला थोडी सूट आहे, ०.२१ वॉटची.

कामाच्या वेळची गळतीही मोजली जाते. ॲडॉप्टरवर त्याच्या क्षमतेच्या २५, ५०, ७५ आणि १०० टक्के भार टाकून चारही वेळचा टक्का काढतात आणि त्यांची सरासरी घेतात. रोमन सहाच्या सूत्राने पाच वॉटच्या फोन-चार्जरला किमान ७४ टक्के, दहा वॉटच्या चार्जरला ७९ टक्के, राउटरच्या १२ व्होल्ट १ अँपिअरच्या ॲडॉप्टरला ८३ टक्के आणि ६५ वॉटच्या लॅपटॉप ॲडॉप्टरला ८८ टक्के कार्यक्षमता लागते. लहान चार्जरला सवलत का, असं वाटेल. आतल्या मंडळाला स्वतःपुरती थोडी वीज लागतेच आणि पाच वॉटच्या कामात तेवढीही टक्क्यांत मोठी दिसते.

हा आकडा शोधायला फोनचा कॅमेरा मोठा करून ॲडॉप्टरच्या पाठीवर धरा. इंग्रजी ‘व्ही’ आणि तिच्या उजवीकडे ‘आय’ अशी जोडी दिसली की तो सहा. नुसती ‘व्ही’ असेल तर पाच. ‘आय’ आधी आणि ‘व्ही’ नंतर असेल तर चार. पुष्कळदा त्याभोवती गोल असतो. कधी आधी ‘एफिशियन्सी लेव्हल’ असे शब्द असतात. चौकोनात चौकोन दिसला तर आत दुहेरी विद्युतरोधन आहे आणि त्या ॲडॉप्टरला अर्थिंगची गरज नाही. घराचं चित्र म्हणजे वस्तू फक्त घरात वापरायची. चाळीच्या उघड्या गॅलरीत, पावसाचे शिंतोडे येतात तिथे कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर लावणाऱ्यांनी हे चित्र जरूर पाहावं.

आपल्याकडचा शिक्का वेगळं सांगतो

आपल्या देशात विजेच्या बचतीचं काम ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीकडे आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा, ब्युरो १ मार्च २००२ची आणि ताऱ्यांची लेबलं २००६पासून. फ्रिज, एसी यांचे तारे आता सगळ्यांना ओळखीचे झाले आहेत. छताच्या पंख्यांनाही १ जानेवारी २०२३पासून ते सक्तीचे झाले. फोनच्या चार्जरच्या किंवा राउटरच्या ॲडॉप्टरच्या डब्यावर मात्र तारे दिसत नाहीत.

चार्जरवर जो भारतीय शिक्का असतो तो ब्युरो ऑफ इंडियन स्टँडर्ड्सचा, म्हणजे बीआयएसचा. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश २०१२चा आहे आणि अंमल जुलै २०१३पासून. या योजनेत बीआयएसच्या चिन्हासोबत ‘आयएस १३२५२ (भाग १)’ किंवा त्या वस्तूला लागू असलेला दुसरा मानक क्रमांक आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ अंक छापलेले असतात. हा शिक्का सुरक्षिततेचा आहे. शॉक लागू नये, आग लागू नये, विद्युतरोधन पुरेसं असावं, याची चाचणी झाली असं तो सांगतो. वीज किती वाचते हे तो सांगत नाही. अनेक दुकानदार ‘आयएसआय आहे, म्हणजे बिल कमी येईल’ असं अगदी मनापासून सांगतात. त्यांचा त्यात काही डाव नसतो, पण सुरक्षा आणि बचत या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

मुंबईतल्या ग्राहकाने म्हणून दोन्ही खुणा मागाव्यात. ‘आर’ क्रमांक सुरक्षेसाठी, रोमन सहा बचतीसाठी. नामवंत कंपन्यांच्या ॲडॉप्टरवर दोन्ही एकत्र मिळतात. कारखाना एकच ॲडॉप्टर अनेक देशांत विकतो, त्यामुळे ब्रुसेल्स आणि वॉशिंग्टनमध्ये झालेल्या नियमाचा फायदा डिलाइल रोडच्या घरालाही आपसूक मिळतो. अडचण सुट्या, नाव नसलेल्या मालाची आहे. बचतीची सक्ती नसलेल्या बाजारात असा माल सहज खपतो.

पैसे कुठे जातात

आता हिशेब. बेस्टच्या घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, मग ३००पर्यंत, मग ५००पर्यंत आणि त्यापुढे. तुम्ही वाचवलेलं युनिट तुमच्या सर्वात वरच्या टप्प्यातून वजा होतं, म्हणून बिलाची सरासरी न धरता त्या टप्प्याचा दर धरावा आणि त्यात वहन आकारही मिळवावा. इथे सोयीसाठी मी युनिटला ८ रुपये धरतो. तुम्ही तुमच्या बिलावरचा आकडा घाला.

रोमन सहाचा फोन-चार्जर वर्षभर सॉकेटमध्ये नुसता लटकत राहिला तर जास्तीत जास्त ०.८८ युनिट जाईल. सात रुपये. चार चार्जर असले तरी अठ्ठावीस. व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘चार्जर काढून ठेवा आणि बिल निम्मं करा’ हे संदेश खोटे आहेत, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा माणूस खऱ्या गळतीकडे पाहायचं विसरतो. जुना जड एलिमिनेटर अजून कुठे लटकत असेल तर गोष्ट वेगळी. तो नुसता दोन-तीन वॉट खात असेल तर वर्षाची १८ ते २६ युनिटं होतात. तो काढूनच टाका.

फोन भरायलाही फारशी वीज लागत नाही. ५,००० एमएएचची बॅटरी रोज पूर्ण भरली आणि सगळी गळती धरली तरी वर्षाला दहाएक युनिटं, म्हणजे ऐंशी रुपयांच्या आसपास. वायरलेस पाटीवर ठेवून भरला तर वीज त्याहून जास्त जाते, एवढं ध्यानात असू द्या. फोनच्या चार्जरमध्ये बचतीसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही. तिथे पाहायची ती सुरक्षा.

पैसा जातो तो चोवीस तास चालणाऱ्या ॲडॉप्टरमध्ये. राउटर घ्या. तो स्वतः आठ वॉट वापरतो असं धरू. त्याचा ॲडॉप्टर ८३ टक्क्यांचा असेल तर भिंतीतून ९.६ वॉट ओढेल. हलक्या प्रतीचा, ६० टक्क्यांचा असेल तर १३.३ वॉट. फरक पावणेचार वॉटचा दिसतो, पण वर्षाचे ८,७६० तास धरले की ३२ युनिटं होतात. अडीचशे रुपये. राउटरचा मूळ ॲडॉप्टर बिघडला की आपण कोपऱ्यावरून ‘बारा व्होल्टचा द्या’ म्हणून शे-सव्वाशेचा घेऊन येतो आणि वर्षभरात त्याच्या दुप्पट पैसे विजेत भरतो. कोलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्टचे वीजग्राहक दहा लाखांहून अधिक आहेत. प्रत्येकाने अशी ३२ युनिटं वाचवली तर वर्षाला तीन कोटींहून अधिक युनिटं होतील.

सेट-टॉप बॉक्सचं प्रकरण आणखी मोठं. रिमोटने बंद केला की लाल दिवा लागतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. अनेक बॉक्स या अवस्थेतही जवळजवळ चालू असल्याइतकीच वीज घेतात. दहा वॉट धरले आणि टीव्ही रोज पाच तास पाहिला तर उरलेल्या एकोणीस तासांत वर्षाला ६९ युनिटं जातात, साडेपाचशे रुपये. इथे ॲडॉप्टर कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. रात्री भिंतीवरचं बटण बंद करणं हाच उपाय. सकाळी बॉक्स सुरू व्हायला दोन-चार मिनिटं लागतील, एवढीच गैरसोय.

तुमच्या घरची खरी गळती किती, हे मीटरच सांगेल. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. रात्री फ्रिज, पंखे, दिवे सगळं थोडा वेळ बंद करा. फक्त ॲडॉप्टर आणि ‘स्टँडबाय’वरच्या वस्तू चालू ठेवा. मग दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. ३६ लाखांना मीटरवरच्या आकड्याने भागा आणि आलेल्या उत्तराला सेकंदांनी भागा, तेवढे वॉट. ३२००च्या मीटरवर ४५ सेकंद लागले तर २५ वॉट. हे रात्रंदिवस चालू असेल तर वर्षाला २१९ युनिटं, १,७५२ रुपये. गिरगावच्या चाळींत मीटर जिन्याखाली असतात, तेव्हा एकाने खाली उभं राहून फोनवर सेकंद सांगायचे आणि दुसऱ्याने वर एकेक वस्तू काढत जायची. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. एकट्या चार्जरची वीज मोजायला मात्र ही पद्धत चालणार नाही, ती इतकी थोडी असते. प्लगमध्ये लावायचे स्वस्त पॉवर मीटरही एक वॉटच्या खाली भरवशाचे नसतात.

विकत घेताना

२०२०मध्ये ॲपलने आयफोनच्या डब्यातून चार्जर काढून टाकला. मग इतर कंपन्यांनीही अनेक मॉडेलांसोबत तो देणं बंद केलं. घरात चार्जर असतोच, मग कचरा कशाला वाढवायचा, हे त्यामागचं कारण योग्य आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की चार्जर निवडायची जबाबदारी आपल्यावर आली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून फोन, टॅबलेट, इअरफोन अशा वस्तूंना यूएसबी-सी सक्तीचं केलं. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. आपल्या बीआयएसनेही यूएसबी-सीचं भारतीय मानक प्रसिद्ध केलेलं आहे. तेव्हा आज नवा चार्जर घ्यायचा तर यूएसबी-सीचाच घ्या. ‘पॉवर डिलिव्हरी’ असलेला ६५ वॉटचा एकच चांगला चार्जर फोनलाही चालतो आणि यूएसबी-सीवर भरणाऱ्या बहुतेक लॅपटॉपनाही. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे भिंतीवर दोन सॉकेट आणि त्यांत एक्स्टेन्शन बोर्ड अशी स्थिती असते, तिथे चार ठोकळ्यांच्या जागी एक येणं ही मोठीच सोय आहे.

लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, चांगला मालही मिळतो आणि नकलीही. दादर स्टेशनबाहेरच्या पदपथावर किंवा मनीष मार्केटमध्ये गेलात तरी तेच. तिथे एकाच कंपनीच्या नावाचा चार्जर दीडशेलाही मिळेल आणि बाराशेलाही. नकली चार्जरमध्ये खरी काटकसर आतल्या मोकळ्या जागेवर केलेली असते. २३० व्होल्टची बाजू आणि पाच व्होल्टची बाजू यांच्यात काही मिलिमीटरचं अंतर आणि भक्कम विद्युतरोधन लागतं. ते कमी केलं की एखाद्या दमट ऑगस्टच्या रात्री मुख्य लाइनची वीज फोनच्या केबलपर्यंत पोचू शकते. गिरगाव चौपाटीजवळच्या घरांत खाऱ्या हवेने पिना गंजतात, जुन्या इमारतींच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, अनेक खोल्यांत अर्थिंगची खात्री नसते. अशा घरांत हलका चार्जर इतर कुठल्याही घरापेक्षा जास्त धोक्याचा आहे. उशीखाली फोन ठेवून रात्रभर चार्ज करणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

खात्री करायला बीआयएसचं ‘बीआयएस केअर’ हे ॲप फोनमध्ये घ्या. त्यात ‘आर’ क्रमांक तपासायची सोय आहे. दुकानातच क्रमांक टाका. कंपनीचं नाव, वस्तूचा प्रकार, ब्रँड समोर येतो. तो हातातल्या वस्तूशी जुळला पाहिजे. क्रमांक खरा असतो पण भलत्याच कंपनीचा असतो, असंही घडतं, म्हणून नुसता क्रमांक सापडला यावर समाधान मानू नका. जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि त्यावर मॉडेल क्रमांक लिहून घ्या. बिल द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला तर पुढच्या दुकानात जा. लॅमिंग्टन रोडवर पुढचं दुकान चार पावलांवरच असतं. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

फोनच्या धातूच्या कडेला बोट लावल्यावर बारीक मुंग्या येतात, ही तक्रार पुष्कळांची असते. दुहेरी विद्युतरोधनाच्या चांगल्या ॲडॉप्टरमधूनही अगदी सूक्ष्म प्रवाह येऊ शकतो आणि नियमात त्याला मर्यादा घातलेली आहे. पण टोचल्यासारखं झालं, ॲडॉप्टर हातात धरवेना इतका तापला, आतून शिट्टीसारखा किंवा चर्र असा आवाज आला, जळका वास आला, तर बटण बंद करून तो कायमचा बाजूला टाका. दुरुस्त करून वापरण्याच्या भानगडीत पडू नका.

डेस्कटॉप कॉम्प्युटर जुळवून घेणाऱ्यांसाठी एक सूचना. त्याच्या पेटीतल्या पॉवर सप्लायवर रोमन आकडा नसतो, तिथे ‘८० प्लस’ ही २००४पासूनची खूण पाहायची. तिच्यात ब्राँझ, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. निम्म्या भाराला गोल्डची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात असते. कॉम्प्युटर रोज आठ-दहा तास चालणार असेल तर गोल्डचे जास्तीचे पैसे वसूल होतात. अधूनमधून चालणार असेल तर ब्राँझ पुरे.

गणपतीच्या आधी लोहार चाळीत लायटिंग घ्यायला झुंबड उडते. एलईडीच्या पट्टीसोबत १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो आणि नेमका तोच घाईत घेतला जातो. पट्टीच्या रिळावर मीटरला किती वॉट ते लिहिलेलं असतं. त्याला लांबीने गुणा आणि वर पाव भाग मोकळा सोडा. पाच मीटर पट्टी, मीटरला ९.६ वॉट, म्हणजे ४८ वॉट. त्याला १२ व्होल्ट ५ अँपिअरचा, ६० वॉटचा ॲडॉप्टर हवा. ३ अँपिअरचा लावला तर तो तापत राहील. थर्माकोल गेल्यापासून मखरं कागदाची, कापडाची, पुठ्ठ्याची होतात. फार सुंदर होतात, पण पेट लवकर घेतात. ॲडॉप्टर मखराच्या आत किंवा कापडाच्या झालरीमागे कधीही कोंबू नका. तो बाहेर, उघड्या हवेत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, आणि झोपताना लायटिंग बंद करा. समई तेवत ठेवायची प्रथा आहे, एलईडी तेवत ठेवायची नाही.

शेवटचा मुद्दा घरापेक्षा इमारतीचा. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतली कुटुंबं ५०० चौरस फुटांच्या घरात जात आहेत. परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांतही रहिवासी सोसायटीचे सभासद आहेत. तिथे सीसीटीव्ही, इंटरकॉम, व्हिडिओ डोअरफोन, पाण्याच्या टाकीचे सेन्सर, लॉबीतले एलईडी हे सगळं कॉमन मीटरवर, चोवीस तास, पॉवर सप्लायमधून चालतं. आठ कॅमेऱ्यांना मिळून ४० वॉट लागत असतील तर ७५ टक्क्यांचा सप्लाय ५३ वॉट ओढेल आणि ८८ टक्क्यांचा साडेपंचेचाळीस. वर्षाला ६९ युनिटांचा फरक, तोही एकट्या सीसीटीव्हीत. अशा पत्र्याच्या डब्यातल्या सप्लायवर रोमन आकडा बहुधा मिळत नाही. तिथे ठेकेदाराकडून कंपनीचं माहितीपत्रक मागा आणि त्यातला कार्यक्षमतेचा टक्का पाहा. कोटेशनमध्ये ‘पॉवर सप्लाय, एक नग’ एवढंच लिहून आलं तर ते परत पाठवा. मॉडेल, ‘आर’ क्रमांक आणि टक्का लिहून आल्याशिवाय मंजुरी देऊ नका. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा एक ठराव करून घेतला की पुढच्या समितीलाही तो बांधून ठेवतो.

जुने एलिमिनेटर आणि बिघडलेले चार्जर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच हा माल जायला हवा. सोसायटीने वर्षातून एकदा सगळ्यांचा एकत्र गोळा करून पाठवला तर उचलायला माणूसही येतो.

आणि एक मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी. पंख्याला तारे आले, तसे चोवीस तास चालणाऱ्या ॲडॉप्टरला आणि सेट-टॉप बॉक्सला आले पाहिजेत. जगाने त्यासाठीची मोजणीची पद्धत, पायऱ्या आणि खूण कधीच तयार करून ठेवली आहे. आपल्याला फक्त सक्ती करायची आहे. १९७५पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी, गृहनिर्माण सोसायट्यांनी आणि तुम्ही-आम्ही ग्राहकांनी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीला तसं लिहावं. तोवर दुकानात ‘आर’ क्रमांक आणि रोमन सहा या दोन्ही खुणा दिसल्याशिवाय पैसे देऊ नका.